फाट्यावरचा रेडिओ

लाल गं माझं कुंकू, सूर्व्यासारखं पेटलं
जल्माचं गं सोनं मला फाट्यावरी भेटलं…

हा आवाज माझ्या कानात अजून आहे. विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा तो आधी खोल जायचा, तळाशी गुडगुडायचा आणि मग भरून वर यायचा. माझ्या आईचा आवाज. सांगोल्याहून जतकडं जाणाऱ्या रस्त्यावर नागझरी फाटा लागतो. तिथं कडुलिंबाखाली आमचं पत्र्याचं दुकान होतं, आणि दुकानाबाहेर बुंध्याला पाठ लावून, दुकानाकडं तोंड करून आई जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवत बसायची. आत माझे आबा, शिदराम मिस्त्री, गाड्यांचं वायरिंग करायचे. सुई चालायची, पकड चालायची आणि त्या दोन्हींवरून आईची ओवी चालायची.

पलीकडं चहाचं हॉटेल होतं मुलाणीचाचांचं. ते आईला फाट्यावरचा रेडिओ म्हणायचे.

“मिस्त्री, तुमच्या रेडिओला सेल लागत न्हाई का वो?” असं ते रस्त्यापलीकडून ओरडायचे.

“लागतो की. दोन भाकरी आन् येक कांदा,” आबा खाली मान घालूनच म्हणायचे, आणि आई सुईमागून हसायची.

आबांच्या हातची वायर म्हणजे बघायलाच नको, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, काहीही असो. आबा वायरींचा गुंता हातात घ्यायचे, एक वायर दोन बोटांत धरायचे आणि क्षणभर थांबायचे. देवाला हात जोडण्याआधी माणूस थांबतो तसे. मग पुढची वायर, पुन्हा थांबायचे. लोक म्हणायचे, मिस्त्रीला वायर बोलते.

मलाही ते शिकायचं होतं. मी तेव्हा सतरा वर्षांची. दहावी होऊन घरी बसलेली. आबांनी मला टायर खोलायला शिकवलं, पंक्चर शिकवलं, क्लचप्लेटीसुद्धा बदलू दिल्या. पण हेडलाइट खोलला, आतला वायरींचा झुबका बाहेर आला आणि मी पुढं झुकले, की ते दरडावायचे.

“वने, मागं हो. वायरीला हात लावायचा न्हाई.”

“का पण? इंजनाला चालतो हात, वायरीला का न्हाई?”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

एकदा मी चिडून म्हणाले, “मुलगा आसता तर मांडीवर घेऊन शिकवलं आसतंसा.” आबांनी पकड खाली ठेवली, उठले आणि चहाला गेले. आईनं मला जवळ ओढून माझ्या केसांतला कडुलिंबाचा पाला काढला. मी मात्र मनात गाठ मारली, की ह्या माणसाच्या लेखी मी पोरगीच.

त्या वर्षी माघात आईचा आवाज बसला. आधी वाटलं, घसा धरलाय. पण महिना झाला तरी तो फाटक्या टोपलीसारखा गळायला लागला. आमच्या उपकेंद्रातल्या आवळे सिस्टरनी तो ऐकला आणि त्याच आठवड्यात तिला मिरजेला नेलं. स्वतः रजा काढून. आवाजाच्या पडद्यावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी सांगितलं, “एक महिना एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. पडदा कोवळा आहे. आत्ता ताण पडला तर आवाजाची खात्री मी देत नाही.”

आई घरी आली. गळ्याला पट्टी आणि तोंडाला कुलूप. ती पुन्हा कडुलिंबाखाली वाकळ घेऊन बसायला लागली. सुई चालायची, पण ओवी नाही. फाट्यावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. लिंबाचा पाला पत्र्यावर पडलेलाही ऐकू यायचा.

आणि आबांनी वायरिंगचं काम घेणं सोडलं.

“सोल्डर संपलंय.” “कंबर धरलीया.” “आज न्हाई, परवा या.” गिऱ्हाइकं यायची, परत जायची. आबा पंक्चर काढायचे, प्लग पुसायचे आणि उरलेला वेळ आईकडं बघत बसायचे. मुलाणीचाचा म्हणाले, “काय मिस्त्री, रेडिओ नादुरुस्त म्हणून दुकानबी नादुरुस्त?” एरवी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी आबा उठून आत गेले.

मला वाटलं, आईच्या काळजीनं माणूस खचलाय. मी रात्री आईला म्हणाले, “आबा तुझ्याशिवाय असं झाल्यात, बघ.” आईनं माझ्याकडं बघितलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण ते डोळ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि मग ती चैत्रातली सकाळ आली.

नऊ वाजले असतील. ऊन पत्र्यावर चढलेलं. आवळे सिस्टर रस्त्यानं मोटारसायकल ढकलत येताना दिसल्या. पांढऱ्या साडीचा काष्टा खोचलेला, घामानं पाठ भिजलेली आणि मागं कॅरियरला बांधलेला लशीचा निळा डबा. नवऱ्याची गाडी चालवणारी बाई तेव्हा आमच्या भागात एकच होती.

“मिस्त्री, किल्ली फिरवते, लागते, विझते. आज तर मेलीच. दोन मैल ढकलत आणली.” त्यांनी पिशवीतून नवं किल्लीचं स्विच काढून आबांच्या हातात ठेवलं. “सांगोल्याहून कालच आणलंय. एवढं बसवून द्या. साडेदहाच्या आत.”

“आज जरा…” आबांनी सुरू केलं.

“जरा बिरा काही नाही. ढगेवाडीत बाया पोरांना घेऊन शाळेत बसल्यात. पलीकडच्या वस्तीवर गोवर आलाय, एक पोर गेलं परवा. ह्या डब्यातला बर्फ दुपारपर्यंत टिकेल. बर्फ गेला की ही लस म्हणजे नुसतं पाणी.”

आबांनी डब्याकडं बघितलं. मग आईकडं. तिच्या गळ्याच्या पट्टीकडं. ज्या बाईनं ती गाठ शोधली, तिला नाही कसं म्हणायचं?

“डायरेक्ट करून देतो,” ते म्हणाले. “किल्ली नको न् काय नको. दोन वायरी जोडतो आन् सोडतो.”

“नको बाई. मागच्या साली जतला एकानं असंच काहीतरी करून ठेवलं, तेव्हापासून हे दुखणं. आणि गाडी खाली ठेवून मला डोंगरावर दोन तास जायचंय. किल्ली पाहिजेच.”

आबांनी मुकाट्यानं बॅटरी सोडवली, हेडलाइट खोलला. आतून काळ्या चिकटपट्टीचा गोळा बाहेर आला. पट्टी सोलली. जतच्या त्या कुणा माणसानं वायरी जुळवणारा प्लगच कापून टाकला होता आणि वायरी एकमेकींना पिळून ठेवल्या होत्या. आबांनी सगळ्या सुट्या केल्या. गाडीच्या बाजूच्या चार, नव्या स्विचच्या चार. लाल, काळी, हिरवी आणि काळ्यावर पांढरी रेघ असलेली एक. ह्या चारांना त्या चार. रंगाला रंग. माझ्या मनात आलं, हे तर शाळेतलं पोरही करील!

आबा मात्र बसून राहिले. वायर दोन बोटांत धरली आणि थांबले. थांबलेच. कपाळावर घाम आला. फडक्यानं हात पुसले, पुन्हा धरली, पुन्हा थांबले.

आता मी स्वतः वायरिंगचं काम करते, म्हणून सांगते. बल्ब लावून, किल्ली फिरवून, एकेक वायर ताडून काढता येते. दीड-दोन तास लागतात, पण येते. पण लाल वायर डोळ्यांसमोर लालभडक दिसत असताना तिला बल्ब लावून बघणारा मिस्त्री कुणी पाहिलाय? सिस्टर शेजारी उभ्या होत्या, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत.

“काय झालं मिस्त्री?”

“काय न्हाई. जरा डोळ्यापुढं अंधारी आली.”

तेव्हा आई अर्धवट उठली. तिनं गळ्यावरच्या पट्टीला हात लावला आणि ओठ उघडले.

“हौसाक्का!” सिस्टर कडाडल्या. “खबरदार! डॉक्टर काय म्हणालेत? महिना व्हायला अजून अकरा दिवस आहेत.”

आबांनीही हात वर केला. नको, अशा खुणेनं.

आई खाली बसली. मग तिनं एकदम माझं मनगट धरलं आणि मला शेजारी ओढून बसवलं. वाकळ दोघींच्या मांडीवर पसरली. आबांच्या बोटांकडं बघितलं आणि वाकळेवरच्या एका तुकड्यावर बोट ठेवलं. काळा तुकडा, तिच्या जुन्या चंद्रकळेचा. मग माझ्या ओठांना हात लावला.

“काय? गाऊ?” मला काही कळेना. “आई, ही काय गाण्याची वेळ हाय?”

तिनं माझं मनगट दाबलं. दुखेल इतकं. मग मी गायले. आईनं लहानपणापासून माझ्या कानांत ओतलेलं, ते ओठांवर यायला काय वेळ लागणार?

काळी गं चंद्रकळा, नेसते मी सणाला
कुंकवाच्या शेजारी गं शोभा देते मनाला…

आबांनी मान वर केली नाही. पण हातातली वायर बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. आईचं बोट सरकलं, आबांच्या जुन्या लुंगीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या तुकड्यावर.

काळ्या माझ्या गाईला पांढरी गं रेघ
बगळं उडालं चार, मागं आखाडाचा मेघ…

रस्त्यापलीकडून मुलाणीचाचा ओरडले, “आरं वा! रेडिओला नवं टेसन लागलं!”

मला लाजही वाटत होती आणि रागही येत होता. मला वाटलं, आईला आपला शकुन हवाय. इतक्या वर्षांची सवय, गाण्याशिवाय ह्यांचा हात चालत नाही, एवढंच. आबांनी काळीला काळी पिळली, रेघेला रेघ पिळली. सिस्टरनी घड्याळ बघितलं. दहाला दहा कमी. मी घाई केली. आईचं बोट कशाला बघायचं? ओव्या मला पाठ होत्या. चंद्रकळा झाली, गाय झाली. आई घरी गाते तेव्हा गाईनंतर चुडा येतो. आबांनी गाडीच्या बाजूची एक वायर हातात धरली होती, आणि मी गाऊन टाकलं,

हिरवा गं माझा चुडा, भुईच्या गं मायेचा
थकल्या जिवाला माझ्या आसरा तिच्या छायेचा…

आबांनी ती वायर डाव्या हातात ठेवली. उजव्या हातानं स्विचची एक वायर उचलली. मी तीच ओवी घोळवत होते, दुसऱ्यांदा. त्यांनी दोन्हींची टोकं जवळ आणली. तांब्याला तांबं लावलं आणि पिळायला सुरुवात केली.

“लाल!”

तो आवाज माणसाचा नव्हता. गंजलेलं दार उखडावं तसा तो आईच्या गळ्यातून निघाला. लिंबावरचे कावळे उडाले. मुलाणीचाचांच्या हातातली किटली हेलकावली.

“लाल हाय त्यी… डाव्या हातातली… लाल!”

आणि तिनं दोन्ही हातांनी गळा धरला.

सिस्टर धावल्या. “अहो काय केलंत हौसाक्का! काय केलंत हे!” त्यांनी तिची हनुवटी वर करून पट्टी बघितली, पाणी मागवलं. मी जागची हलले नाही. मी आबांच्या हातांकडं बघत होते. डाव्या हातात लाल वायर, उजव्या हातात हिरवी. बॅटरीची वायर आणि अर्थिंगची वायर. पाच वर्षांच्या पोरालासुद्धा वेगळ्या दिसाव्यात अशा, कुंकू आणि चुडा. आणि आबा त्या दोन वायरींकडं असे बघत होते, जशा त्या दोन जुळ्या बहिणी आहेत आणि त्यांना त्यांतली थोरली कोण ते कळत नाहीये. बॅटरी जोडली असती की सगळा झुबका पेटला असता. गाडी, डबा, सगळंच.

माझ्या अंगावर काटा आला. भर चैत्रात.

जन्मल्यापासून ऐकलेली एकेक ओवी मला परत ऐकू यायला लागली, पण आता तिच्यामागची वायर दिसत होती. चंद्रकळा कुंकवाच्या शेजारी शोभते, कारण किल्ली फिरवली की काळी वायर लालला जाऊन मिळते. चुडा भुईच्या मायेचा, कारण हिरवी वायर अर्थिंगला, म्हणजे भुईला, जाते. पिवळ्या हळदीची ओवी, निळ्या मोराची ओवी, तपकिरी बैलाची ओवी. मी ज्यांना गाणी समजत होते, ती सगळी कामं होती. आणि कामं असूनही ती गाणीच होती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं अख्खी गाडी ओवीत बसवली होती, आणि वीस वर्षं भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, कुणालाही कळू न देता ती एका माणसाच्या कानात सोडत होती.

आईनं पाण्याचा घोट घेतला, बोट पुन्हा वाकळेच्या लाल तुकड्यावर ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, आणि तिनं वाकळेवरचं बोट उचलून घेतलं.

आता मी तुकड्यांकडं बघत नव्हते. वायरीकडं बघत होते. आबांनी डाव्या हातातली पुन्हा वर धरली, आणि मी गायले,

लाल गं माझं कुंकू, सूर्व्यासारखं पेटलं…

आबांची बोटं चालली. त्यांनी उजवीकडची एक उचलली, मी गप्प राहिले. ती ठेवली, दुसरी उचलली. मी पुढची ओळ म्हटली,

जल्माचं गं सोनं मला फाट्यावरी भेटलं…

लालला लाल. हिरवीला हिरवी. पट्टी गुंडाळली, हेडलाइट बसवला, बॅटरी जोडली. आबांनी किल्ली सिस्टरच्या हातात दिली. सिस्टरनी फिरवली. मीटरमधला हिरवा दिवा लख्ख लागला. एक किक, आणि गाडी धडधडली.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सिस्टरनी डबा हातानं चाचपला, अजून गार होता. “आक्का, आता अक्षर काढलंत तर मी तोंडाला टाके घालीन,” असं म्हणाल्या आणि गेल्या. धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी राहिली.

(ढगेवाडीतल्या सगळ्या पोरांना त्या दिवशी लस मिळाली. आईचा आवाज नंतर आला, बोलण्यापुरता. गाण्याला मात्र तो गळा परत कधी उघडला नाही. कडुलिंबाखाली पुढं मी गायले, चौदा वर्षं.)

पण ते पुढचं. त्या सकाळी आम्ही तिघंच उरलो. आई बुंध्याशी, मी तिच्या शेजारी, आबा दुकानाच्या उंबऱ्यावर. हातात हिरव्या वायरीचा एक उरलेला तुकडा, तो ते बोटांत फिरवत होते.

“आबा,” मी म्हणाले, “ह्ये कवापासनं?”

त्यांनी तुकडा फिरवायचं थांबवलं.

“लगनाला दोन वर्सं झाली व्हती,” मग म्हणाले. “येका जीपचं वायरिंग जाळलं मी. ह्याच जागी. लोकं हसली. घरी जाऊन भिताडाकडं तोंड करून निजलो. हिनं काय इचारलं न्हाई. दुसऱ्या दिशी वाकळ घेऊन हितं येऊन बसली. मी वायर धरली, हिनं गाणं म्हटलं. मला वाटलं, आशीच म्हणतीया. दुसरी धरली, दुसरं म्हटलं. तिसऱ्या वायरीला माज्या ध्यानात आलं.”

“मग? तुमी काय म्हणालासा तिला?”

“काय म्हणणार? वायर जोडली.”

“आन् आई?”

“तीबी काय म्हणाली न्हाई. कदीच न्हाई. आमचं ह्यावर येक सबूद बोलणं न्हाई आजपातुर.”

मी आईकडं बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती. तो ओवला जात नव्हता.

“आन् मला का हात लावू दिला न्हाई?” मी विचारलं. “मी पोरगी म्हणून?”

“न्हाई गं बाय.” आबांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. “तू जवळ बसली आसतीस, तर पयल्याच दिशी इचारलं आसतंस. आबा, ही कंची वायर?”

मग ते उठले. आईच्या समोर येऊन जमिनीवर बसले, धुळीत, मांडी घालून. वायरीचा तुकडा तिच्या वाकळेवर ठेवला. लाल तुकड्यावर की हिरव्यावर, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तो लालवर पडला होता.

“हौसे,” ते म्हणाले, “लगनात तू लुगडं नेसली व्हतीस. लाल व्हतं का हिरवं, मला ठावं न्हाई. मला दोनी येकच दिसत्यात.”